रक्तवाढीच्या गोळीतलं दुसरं औषध

नांदेड-लातूरकडच्या शाळांमध्ये किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी दिली जाते. गरोदर बाईला आशाताई लाल गोळ्या आणून देतात. गावात दोन्हींचं नाव एकच, रक्तवाढीची गोळी. मळमळतं, शौचाला काळी होते, म्हणून कित्येक गोळ्या फळीवरच्या डब्यातच राहून जातात, हा भाग वेगळा. गोळीत लोह असतं हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच गोळीत आणखी एक औषध असतं, लोहाच्या मानाने अगदी किंचित, जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. त्याचं नाव फॉलिक ॲसिड. लोहाचा गुण वैद्यांना फार जुन्या काळापासून माहीत होता. या दुसऱ्या औषधाचा माग मात्र साधारण शंभर वर्षांपूर्वी मुंबईत, परळला लागला. तो काढला ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाईंनी. त्याच मागावर पुढे चालत गेलेल्यांना लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाला मागे रेटणारं पहिलं औषध सापडलं.

विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड इथला. घरचा कारखाना होता, तो विळे-कोयत्यांसारखी धारेची अवजारं बनवण्याचा. वडील विज्ञान शिकलेले, आईचे वडील बर्मिंगहॅममधले नावाजलेले डॉक्टर. मुलीने शिकावं की नाही, असा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नाही. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेतलं आणि १९११ साली परीक्षा दिली. पदवी काही मिळाली नाही. केंब्रिज तेव्हा बायकांना शिकू देत असे, परीक्षेला बसू देत असे, पदवी मात्र देत नसे. हा हट्ट त्या विद्यापीठाने १९४८पर्यंत सोडला नाही.

त्याच १९११ साली वडील गेले. दोन वर्षांत बहीण एडिथही गेली, सव्वीस वर्षांची. विल्स आईला घेऊन सिलोनला गेल्या, तिथून परतल्यावर भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेला. तिथे असतानाच पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि केपटाऊनच्या दवाखान्यात त्यांनी काही काळ परिचारिकेचं काम केलं. दगड आणि झाडं शिकलेल्या या मुलीचं मन तिथे वैद्यकाकडे वळलं. १९१५च्या जानेवारीत त्या लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९२० साली, बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर झाल्या. पण दवाखाना थाटला नाही. रॉयल फ्री हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत, रक्त आणि रसायनांमध्ये त्या रमल्या. लग्न केलं नाही. डोंगर चढणं, बर्फावर घसरत जाणं आणि लंडनभर सायकलने फिरणं, हे त्यांचे शौक.

१९२८ साली त्यांना मुंबईहून बोलावणं आलं. बाळंतपणात बायका का मरतात, याची चौकशी हाफकिन संस्थेत सुरू झाली होती. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी विल्स यांना गाठलं. मुंबईच्या कापडगिरण्यांमध्ये राबणाऱ्या आणि चाळीत-झोपडीत राहणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत होता. चेहरा पांढराफटक, धाप, सूज, आणि कित्येकींच्या बाबतीत बाळंतपणातच शेवट. गिरणीचं काम म्हणजे काय, हे उस्मानशाही मिल पाहिलेल्या नांदेडला वेगळं सांगायला नको. तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते, मुंबई इंग्रजांच्या. सरकारं दोन असली तरी गरीब गरोदर बाईचं ताट दोन्हीकडे सारखंच असणार.

या पंडुरोगात विचित्र काय होतं, ते समजायला रक्त कुठे आणि कसं बनतं ते थोडं पाहावं लागेल. मटणाची नळी ठोकली की जो मऊ मगज निघतो, ती अस्थिमज्जा. मोठ्या माणसात रक्त तयार करणारी मज्जा मुख्यतः कंबरेच्या, छातीच्या आणि मणक्याच्या हाडांत असते. तिथे मोजक्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, बसलेल्या असतात. त्यांचं वागणं घरचं बियाणं राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्यासारखं. मूळपेशी दुभंगते तेव्हा काही पेशी बियाणं म्हणून मागे राहतात आणि बाकीच्या पुढे जातात. पुढे गेलेल्या पुन्हा पुन्हा दुभंगत कुणी तांबडी पेशी होते, कुणी पांढरी, कुणी रक्त गोठवणाऱ्या बिंबिका तयार करते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून भरपाई अखंड चालू ठेवावी लागते. निरोगी माणसाच्या मज्जेतून दर सेकंदाला वीसेक लाख नव्या तांबड्या पेशी बाहेर पडतात. शरीरात इतक्या वेगाने पेशी तयार होण्याच्या जागा फार थोड्या आहेत.

प्रत्येक वेळी दुभंगताना पेशीला आपल्या केंद्रकातल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते. या नकलेसाठी लागणाऱ्या विटांपैकी एक वीट फॉलिक ॲसिडवाचून भाजत नाही. ते कमी पडलं की पेशी फुगत राहते, तिच्यात तांबडा रंगही भरतो, पण केंद्रक मागे राहतं. पेशी वेळेवर दुभंगतच नाही. अशा बेढब, मोठ्या पेशी मज्जेत साचतात आणि बऱ्याचशा तिथेच मरतात. ज्या थोड्या रक्तात उतरतात त्याही आकाराने मोठ्या आणि फार न टिकणाऱ्या. लोहाच्या कमतरतेत नेमकं उलटं दिसतं, पेशी लहान आणि फिकट होतात. विल्स यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली मुंबईच्या बायकांचं जे रक्त आलं, त्यात पेशी मोठ्या होत्या. लोह देऊन हा आजार का हटत नाही, याचं उत्तर त्या काचेवरच होतं, फक्त ते वाचता येत नव्हतं. डीएनएचं काम तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि गरोदर बाईच का? कारण तिच्या पोटात रक्ताचा दुसरा कारखाना उभा राहत असतो. गर्भातल्या रक्ताच्या कायमच्या मूळपेशी पहिल्यांदा हाडात तयार होत नाहीत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात त्या गर्भाच्या महाधमनीच्या भिंतीतून सुटतात, मग यकृतात मुक्काम करतात आणि गर्भारपणाच्या उत्तरार्धात हाडांच्या मज्जेत उतरतात. हे सगळं विल्स यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं. आईच्या ताटातून येणाऱ्या तुटपुंज्या साठ्यावर दोन कारखाने चालायचे आणि आधी आईचा बंद पडायचा.

विल्स यांनी काचेवरून नजर उचलली आणि ताटाकडे वळवली. त्यांच्या साऱ्या कामात मोलाची गोष्ट कोणती म्हणाल तर ती ही. जंतुसंसर्गाची शक्यता त्यांनी तपासली, पण तिथे थांबल्या नाहीत. तळपदे या सहकाऱ्यासह त्यांनी मुंबईतल्या बायका काय खातात आणि कशा राहतात, याची रीतसर पाहणी केली. मेहता या आणखी एका सहकाऱ्याबरोबर रक्ताचा अभ्यास चालू होता. पाहणीत दिसलं की सर्वांत गरीब मुस्लिम घरांतल्या बायकांमध्ये हा पंडुरोग जास्त आहे आणि त्यांच्या जेवणात प्रथिनं, फळं आणि भाज्या फार कमी आहेत.

मग उंदीर आले. तसंच निकस अन्न त्यांना खायला घातलं, उंदरांचं रक्त उतरलं आणि अन्नात यीस्ट मिसळल्यावर ते उतरलं नाही. सगळं नीट जुळतंय असं वाटत असताना मध्येच वेगळाच घोळ निघाला. प्रयोगशाळेतल्या उंदरांना उवांमधून पसरणारा एक संसर्ग होता आणि त्यानेही रक्त उतरत होतं. आता या निष्कर्षावर किती विसंबायचं? दुसऱ्या कुणी कदाचित इथे दप्तर गुंडाळलं असतं. विल्स माकडांकडे वळल्या. मुंबईच्या गरीब बाईच्या जेवणाशी मिळतंजुळतं अन्न माकडांना दिलं, त्यांनाही तसाच मोठ्या पेशींचा पंडुरोग झाला आणि मार्माइट दिल्यावर तो हटला.

मार्माइट म्हणजे काळपट, खारट लेप. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात, ज्यांना आवडतो ते. घातक पंडुरोगाच्या रोग्याला भरपूर यकृत खाऊ घातलं तर तो वाचतो, हे बोस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी १९२६ साली दाखवलं होतं. पण यकृत महाग, आणि कित्येक घरांत ते शिजणारही नाही. यीस्टचा अर्क त्या मानाने स्वस्त होता. विल्स यांनी तो आजारी बायकांना द्यायला सुरुवात केली. चौथ्या दिवसाच्या आसपास भूक परतायची, मग मज्जेतून नव्या पेशींची लाट रक्तात उतरायची. या कामाचा निबंध जून १९३१मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

त्याच महिन्यात, जून १९३१मध्ये, सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा यांचं ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, ब्रिटनमध्ये निधन झालं. पैशाला तोटा नव्हता, पण जगात कुठेच औषध नव्हतं. दोराबजींनी पत्नीच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी निधी उभारला. टाटांच्या न्यासाने बांधलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली परळला उघडलं, हाफकिनपासून पायी जाण्याच्या अंतरावर.

विल्स १९३३ साली लंडनला परतल्या, पण एक कोडं सोबत घेऊन. घातक पंडुरोगावर रामबाण ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क मुंबईच्या पंडुरोगावर चालत नव्हता. कच्चा, फारसा शुद्ध न केलेला अर्क मात्र चालायचा. म्हणजे शुद्ध करताना जे फेकलं जात होतं, त्यातच मुंबईच्या बायकांचं औषध होतं. रक्ताला लागणारे जिन्नस एक नसून दोन आहेत, हे त्यांनी ओळखलं. पहिला पुढे बी-१२ जीवनसत्त्व म्हणून सापडला. दुसऱ्याला नाव नव्हतं, म्हणून लोक त्याला विल्स यांचा घटक म्हणू लागले. १९३७च्या अखेरीस त्या पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनला आल्या. या खेपेला पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने कराचीपर्यंत, पुढे बोटीने.

नाव मिळालं १९४१ साली. अमेरिकेत मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी ढीगभर पालक वाटून, गाळून त्यातून हा पदार्थ वेगळा केला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटलं. कारखान्यात तो तयार करण्याची युक्ती १९४५च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली कंपनीत जमली. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे दोन भाऊ स्प्रू या आतड्याच्या रोगाने पाठोपाठ दगावले होते आणि स्वतः सुब्बाराव त्यातूनच कसेबसे वाचले होते. स्प्रूमध्ये अन्नातलं फॉलिक ॲसिड अंगी लागत नाही आणि रक्त तसंच मोठ्या पेशींचं होतं.

यानंतर गोष्टीने वळण घेतलं ते विल्स यांच्याही ध्यानीमनी नसलेलं. ल्युकेमियात मज्जेतल्या एखाद्या मूळपेशीच्या किंवा तिच्या नुकत्याच पुढे निघालेल्या लेकीच्या डीएनएमध्ये चूक होते. नक्कल करताना शब्द गळावा, दोन पानांची अदलाबदल व्हावी, तशी. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करतं किंवा ती पेशी मरून जाते. पण चूक जर थांब आणि मोठी हो या दोन आज्ञांपैकी कुठली पुसणारी असेल, तर ती पेशी कधीच पिकत नाही, नुसती दुभंगत राहते. अशा एकावर एक चुका साचल्या की मज्जा कच्च्या, बिनकामाच्या पांढऱ्या पेशींनी भरते. तांबड्या पेशींना जागा उरत नाही म्हणून मूल पांढरं पडतं, बिंबिकांना उरत नाही म्हणून अंगावर निळे-लाल डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येतं. ताप हटत नाही. शेतात तण माजलं की पीक दबतं, तसं.

बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे डॉक्टर अशा मुलांची मज्जा तपासत असत. पंडुरोगातली मज्जा फॉलिक ॲसिडने सुधारते, मग ल्युकेमियातलीही सुधारेल, असं वाटून त्यांनी फॉलिक ॲसिडची भावंडं म्हणावीत अशी संयुगं मुलांना दिली. काही मुलांचा रोग उलट भडकल्याचं त्यांना दिसलं. तण आणि पीक दोघांनाही तेच खत लागत होतं. मग खत तोडलं तर? सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक ॲसिडसारखं दिसणारं, पेशीला फसवणारं, पण काम न करणारं एक रसायन बनवलं होतं, अमिनोप्टेरिन. १९४७च्या डिसेंबरअखेर फार्बर यांनी ते एका लहान मुलाला द्यायला सुरुवात केली. जून १९४८मध्ये १६ मुलांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यातल्या १० मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. ती टिकली नाही, काही महिन्यांत रोग परतला. पण तोपर्यंत औषधाने या रोगाला मागे हटताना कुणी पाहिलंच नव्हतं. सुब्बाराव त्याच ऑगस्टमध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, झोपेतच गेले.

अमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियावरच्या उपचारांत आहे. नांदेड-लातूरची गाडी पकडून लेकराला टाटा हॉस्पिटलला नेणाऱ्या आईबापांच्या कागदांवर ते नाव दिसतं. उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, अनेक औषधं मिळून चालतात आणि नेटाने पूर्ण केले तर यातली बहुतेक मुलं बरी होऊ शकतात. मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस दिला की ठरावीक तासांनी ल्युकोव्होरिन नावाचं दुसरं औषध देतात. ते म्हणजे फॉलिक ॲसिडचंच तयार रूप. आधी वाट अडवायची, रोगट पेशी उपाशी मारायच्या आणि चांगल्या मूळपेशी मरायच्या आत वाट पुन्हा मोकळी करायची.

विल्स युद्धाच्या काळात लंडनमध्येच होत्या. १९४४च्या जुलैमध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलवर उडता बॉम्ब पडला, माणसं दगावली, इमारतीचा भाग कोसळला. अशा दिवसांतही तिथला रोगनिदान विभाग त्यांनी सांभाळला. १९४७ साली त्या निवृत्त झाल्या, पण गरीब देशांतल्या आईमुलांचं पोषण आणि पंडुरोग हा विषय सोडला नाही. त्यासाठी जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असा प्रवास चालूच राहिला. अखेरच्या वर्षांत लंडनच्या चेल्सी भागात त्या मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचं निधन झालं. मज्जेतली एकच मूळपेशी रक्ताच्या निरनिराळ्या पेशींना जन्म देते, याचा प्रयोगाने पुरावा कॅनडातल्या टिल आणि मॅकलॉख यांनी त्याच्या जेमतेम तीन वर्षं आधी द्यायला सुरुवात केली होती.

विल्स यांनी ज्याचा माग काढला, ते आपल्याकडे दुर्मीळ नाही. लातूरच्या आडत बाजारात पोत्यांनी उतरणारी तूर, हरभरा, मूग, चवळी, भुईमुगाच्या शेंगा, पालक, मेथी, हरभऱ्याची कोवळी भाजी या सगळ्यांत ते असतं. भाजी चिरून मग धुतली, फार वेळ शिजवली आणि वरचं पाणी ओतून दिलं, तर त्यातलं बरंचसं निघून जातं. आधी धुवावी, मग चिरावी. गर्भारपणात मात्र ताटातलं पुरत नाही, गोळी लागतेच, आणि ती दिवस राहण्याच्या आधीपासून मिळाली तर बाळाच्या पाठीच्या कण्याचे काही दोषही टळतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर चालते. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी, पण सोडू नये.

माळकरी घरांत, जिथे दूधही बेताचं आहे, तिथे कमतरता बी-१२ची असू शकते. तिथे नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंची हानी आतून चालू राहते. हातापायांना मुंग्या येत असतील तर तपासणी करूनच औषध घ्यावं. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत रक्ताची तपासणी होते.

मेथोट्रेक्सेट आता संधिवातावरही देतात, अगदी कमी मात्रेत, आठवड्यातून एकदाच. घरी चिठ्ठी वाचताना चूक होऊन ती गोळी रोज घेतली गेली, तर आठ-पंधरा दिवसांत मज्जा कोरडी पडू शकते. तोंड येतं, ताप येतो, रक्तस्राव होतो, जीवही जातो. ज्यांच्या घरात ही गोळी आहे त्यांनी आठवड्याचा वार डॉक्टरांकडून पाकिटावर लिहून घ्यावा. तिच्या जोडीला डॉक्टर फॉलिक ॲसिड लिहून देतात, ते सांगितलेल्या दिवशी न चुकता घ्यावं.